रंगाप्रमाणे लावलेली पुस्तकं

हॅलो?… हॅलो, कोण?…

अगं मुंगे, तू होय! बोल… नाही, झोपले नव्हते. दुपारी झोपायला मी काय निवृत्त कुलगुरू आहे?

हो, हो, माहीत आहे, पाचला प्रवेशाचा फॉर्म बंद होतो. तुझ्या बाबाचे सकाळपासून तीन फोन झाले. मग, भरलास?… अजून नाही? साडेचार वाजून गेले, आणि तू आजीला फोन करत बसलीस?

बरं, कोणतं ठरवलंस?… कोणतं?… ते काचेच्या इमारतीचं कॉलेज?

नाही, काही नाही. ठसका लागला. तू बोल.

हो, पुस्तिका पाहिली मी. तूच ठेवून गेलीस ना परवा. इतका गुळगुळीत कागद, वर चष्मा ठेवला तर घसरून पडतो. पहिल्या पानावर पोहण्याचा तलाव. दुसऱ्यावर ती चढायची भिंत. तिसऱ्यावर चार मुलं गवतात बसून हसतायत. कशाला गं हसतायत?… अगं, एकतीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीत बसले. इतके दात काढणारी मुलं मी एकदाच पाहिली, परीक्षा पुढे ढकलली त्या दिवशी.

आणि शिकवणारे कुठे आहेत त्यात?… अकराव्या पानावर. बघ म्हणजे. तलाव झाला, भिंत झाली, कॉफीचं यंत्र झालं, मग प्राध्यापक. तेही पाठमोरे.

तुझा विषय आहे का तिथे?… कीटकशास्त्र नाही? मग काय आहे?… पर्यावरण काय?… व्यवस्थापन.

नाही, हसत नाहीये. ऐक ना… अगं ऐक. सहा वर्षांची होतीस तेव्हा माझ्या ओट्यावरची मुंग्यांची रांग बघत दोन तास स्टुलावर उभी होतीस. शेजारी दूध उतू गेलं, तरी हलली नाहीस. म्हणून तर मुंगी नाव पडलं. आता तू त्यांचं व्यवस्थापन करणार? मुंग्यांचं उत्तम चाललंय, बाई. त्यांना वर साहेब नकोय.

नोकऱ्या मिळतात असं कोण म्हणतं?… बाबा. वा! त्यानं स्वतः कॉलेज कसं निवडलं, विचार त्याला. मित्र तिथे जातोय म्हणून. मित्र तीन महिन्यांत सोडून गेला, आणि हा तीन वर्षं त्याची जागा धरून बसला. माझाच मुलगा आहे, मी बोलणार.

ते राहू दे. दोन्हीकडे जाशील तेव्हा ग्रंथालयाचे फोटो काढ म्हटलं होतं. काढलेस?… पाठव मग. आत्ताच्या आत्ता… येतं गं मला उघडता. न्हाणीघरात पडले तेव्हा मनगट मोडलं होतं, डोकं नाही.

थांब हं… आलं. हे काचवाल्यांचं ना?… अगं बाई. लाल पुस्तकं एका फळीवर, निळी दुसरीवर, पिवळी तिसरीवर. रंगाप्रमाणे लावलीत! पुस्तकं आहेत की पडद्याचं कापड?… सुंदर दिसतं, हो, दिसणारच. एकाही पुस्तकाचा कणा मोडलेला नाही. कोणी हात लावलाय कुठे? आमच्याकडे एखाद्यानं असं लावलं असतं ना, तर ग्रंथपालबाईंनी त्याला संध्याकाळपर्यंत पायरीवर बसवला असता.

आता दुसरं पाठव. ते लांबचं… जुनाट असू दे, पाठव.

हं… हं… काय म्हणालीस, सगळ्या पुस्तकांना चिकटपट्ट्या? म्हणून तू त्यांचे गुण कापलेस? शाबास! अगं मुंगे, चिकटपट्टी कधी लावतात? फाटल्यावर. आणि पुस्तक फळीवर बसून फाटतं का?

हा कसला फोटो, शेवटच्या पानाचा?… चुकून निघाला? बरं झालं निघाला. तो तारखांचा कागद बघ. शिक्क्यांवर शिक्के. जागा संपली म्हणून खाली दुसरा कागद जोडलाय, आणि सरळ जोडलाय, घाईत नाही. खिडकीत बसणारं माणूस कामाचं आहे. शेवटचा शिक्का कधीचा?… मोठं करून बघ… गेल्या मंगळवारचा. पुस्तक कशावर आहे?… वाळवीवर. तिथल्या कीटकशास्त्राच्या बाई वाळवीवरच काम करतात म्हणालीस ना? वाळवीवरचं पुस्तक गेल्या मंगळवारी कोणीतरी परत आणून दिलं, आणि तू ते वाचणाऱ्या मुलांना सोडून गवतात हसायला निघालीस!

मग आता अडलंय कुठे?

हॅलो?… काय?… परत म्हण.

माझ्यासाठी.

अच्छा. काचेचं घरापासून बसनं वीस मिनिटं, आणि ते रेल्वेनं अकरा तास. मी पुन्हा पडले तर. म्हणून तुला तलाव आवडला. मला वाटलं बुद्धी गेली, तर हे निघालं. हे त्याहून वाईट आहे.

नाही, रागावले नाही… हो, रागावले. गप्प बस आणि ऐक.

मला दुसऱ्या गावी प्रवेश मिळाला होता. वनस्पतिशास्त्राला. तुला हे कोणी सांगितलं नसेल. पत्र आलं त्याच आठवड्यात आईनं अंथरूण धरलं. तिनं थांब म्हटलं नाही हं, मीच थांबले. थोर मुलगी ना मी! जवळच्या कॉलेजात मिळेल ते शिकले आणि त्या खिडकीत जाऊन बसले. आणि आई? दोन महिन्यांत उठली. त्यानंतर बावीस वर्षं ठणठणीत. आणि ती बावीस वर्षं मी तिला ऐकवत राहिले. भाजीत मीठ कमी पडलं तरी, तुझ्यासाठी राहिले. दार वाजलं तरी, तुझ्यासाठी राहिले. शेवटी शेवटी मी खोलीत आले की ती डोळे मिटून पडायची. झोपलेली नसायची.

मला नकोय ते ऐकायला, कळलं?… नाही, तू म्हणणार नाहीस, माहीत आहे. मीही म्हणणार नव्हते.

न्हाणीघराचं मी बघते. समोरच्या सुताराला सांगते, भिंतीला दांडा लावून देईल. दांडा लावता येतो, मुंगे.

किती वाजले?… सातच मिनिटं उरली? अगं मग दाब की! फोन कानाला तसाच ठेव आणि दाब… पासवर्ड विसरलीस? आता?… वहीत बघ. तुझी ती मुंग्यांची वही… सापडला? चल.

…

झालं का?… कोणतं दाबलंस, वाचून दाखव… पुढचं वाच… हं.

हं. ठीक आहे.

आता तिथे जाऊन आपल्याच गावच्या पोरींचं कोंडाळं करून बसू नकोस. पहिल्याच आठवड्यात त्या वाळवीवाल्या बाईंच्या दारावर टकटक कर. भीती वाटली तरी कर, खेकसल्या तरी परत जा. आणि सगळ्यांसारखी पुस्तकात पेनानं रेघा मारू नकोस, तसली माणसं मी एकतीस वर्षं सहन केलीत… भिंतीवर चढ हवं तर, तिथे असलीच तर. कोण नको म्हणतंय?

आणि रोज फोन करायचा नाही. आठवड्यातून एकदा… नाही, एकदाच. अभ्यासाला गेलीयेस… बरं, दोनदा. बुधवारी आणि रविवारी. दहा मिनिटं, वर एक नाही… आणि हे बघ, पोचलीस की लगेच कर. तो त्या दोनांत धरायचा नाही… आणि गाडीत बसल्यावर एक. तोही नाही धरायचा.

ठेवते.