पहिल्या क्रमांकाचा फोटो

सन्माननीय अध्यक्ष नाना परुळेकर, सत्कारमूर्ती डॉक्टर श्यामसुंदर वागळे, व्यासपीठावरचे पाहुणे आणि घाटकोपरच्या आपल्या मंडळातल्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षांनी डॉक्टर दवाखाना बंद करताहेत. त्यांच्या हसऱ्या स्वभावाबद्दल इथे पुष्कळ बोललं गेलं. मीही त्याबद्दलच बोलणार आहे.

अध्यक्षांच्या मागे भिंतीवर उंच एक फोटो टांगलेला आहे. सुदृढ बालक स्पर्धा, एक्क्याऐंशी साल, पहिला क्रमांक. ती माझी जयंती, तेव्हा तीन वर्षांची. परीक्षक डॉक्टर होते. सगळ्यांत जास्त गुण वजनाला, आणि तिचं वजन पंधरा दिवसांत दोन किलो वाढलेलं. कसं वाढलं, हे कुणी विचारलं का? मीही नाही. फ्रॉक घट्ट झाला म्हणून मी खूश होते. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक दिष्ट लागात गो, मालन," आणि पोरीची दृष्ट काढली.

त्याच आठवड्यात सकाळी तिचे डोळे सुजून उघडेनात. मोजे काढले की पायावर खोल वळ. लघवीला फेस. मी दवाखान्यात गेले. डॉक्टर हसले. म्हणाले, "बक्षीस मिळालेलं मूल घेऊन येणारी तुम्ही पहिलीच आई. झोप जास्त झाली असेल." तिचा गालगुच्चा घेतला आणि आम्हाला परत पाठवलं.

नाना, 'आवरतं घ्या' ही तुमची चिठ्ठी पोचली. थोडक्यातच सांगते.

दहा दिवसांनी पोट फुगलं, लघवी जवळजवळ बंद झाली. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला. "हे बाळसं नाही, पाणी आहे," त्या म्हणाल्या. मूत्रपिंडातून अंगातली प्रथिनं वाहून जात होती.

त्यांनी मला एक काम शिकवलं. रोज सकाळी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायची. अंड्यातल्या पांढऱ्यासारखी गोठली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पाच वर्षांत चारदा गोठली. मी सातवी शिकलेली बाई. मला हे शिकायला दहा मिनिटं लागली. डॉक्टर, तुमच्याकडे तीस वर्षं होती.

फोटो उतरवा, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "असू द्या हो, हॉलची शोभा आहे." येत्या रविवारी पुन्हा स्पर्धा आहे. मघाशी एक आई कडेवरच्या मुलाला तो फोटो दाखवून म्हणत होती, "असं गुटगुटीत व्हायचं हं." जयंती तिच्या शेजारीच बसली होती. बारीक आहे. कुणी तिला ओळखलं नाही.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर सभेने मोठ्या मनाने सोडून द्यावं.

अहो, ते स्टूल आणा इकडे.