सैतानाच्या शिंगांचं माप

...आनि वर मलाच म्हनत्यात, "जयराज, तुझ्यात सैतान शिरलाय!" आवं, शिरलाय काय शिरलाय? बावीस वरसं तुमीच शिरवलाय न्हवं माझ्यात! दर नाताळच्या आठवड्यात आमच्या मिरजंतल्या चर्चच्या आवारात नाटक हुतंय, आनि दर वरसाला सैतान कोन? जयराज! दुसरं कोन तयारच हुत न्हाई. कुनाची आई म्हनती, "माझ्या पोराचं लगीन ठरायचं हाय, त्याला मेंढपाळ करा." पोरगं म्हनतंय, "मला कॉलेजात चिडवतील." मग ऱ्हायलं कोन? दवाखान्यात एक्स-रे काढनारा जयराज! काळा झगा, सलाईनच्या नळीची शेपूट, डोक्यावर शिंगं, देवापुढं मानसांची पापं मोजून दावायची आनि हाऽहाऽहाऽ करून हसायचं. बारकी पोरं रस्त्यात नमस्कार करत्यात, "सैतानकाका, नमस्कार." मी बी म्हनतो, नमस्कार. काय करनार?

आनि देव कोन? लालासाहेब. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, रिटायर हेडमास्तर. आवाज भारदस्त. पडद्यामागं खुर्ची टाकून माईकवर बोलायचं, अंगाला रंग लावायला नको का काय नको. बावीस वरसं ते देव, मी सैतान. माझी तक्रार न्हाई. पन तुमाला सांगतो, माझं म्हननं एवढंच हुतं, राणीला भर चर्चमदी सगळ्या मंडळीपुढं उभी करायची आनि माफी मागाय लावायची, हे कुठं लिवलंय? कुठं लिवलंय ते दाखवा!

राणी म्हंजे आमच्या लीलाबाईची पोरगी. बाप न्हाई तिला. लीलाबाईनं दवाखान्यातल्या चादरी धुवून पोरीला नर्सिंगला घातली, आता तिसऱ्या वरसाला हाय. आनि गळा काय वो पोरीचा! कॉयरमदी ती पैला सूर लावती तवा मागच्या बाकावर डुलक्या घेनारं चर्चचं पंच सुदिक डोळं उघडत्यात. तर त्या पोरीचा गुन्हा काय? हरिपूरला संगमावर एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसलेली दिसली. बुधवारी. दुपारी. दिसली कुणाला? लालासाहेबांना! आता पोरगा कोन, ते काय त्यांना कळलं न्हाई, हेल्मेट हुतं डोक्यात. पोरीच्या डोक्यात न्हवतं, म्हनून ती गावली.

थांबा, थांबा, असं मधनंच न्हाई कळायचं. शिंगांपास्नं सांगतो.

झालं काय, माझी शिंगं उंदरानं खाल्ली. भोपळ्याची हुती. आमच्या शेजारी सरफराजभाई हाय, सतारी-तंबोरे करतोय, त्यानंच उरल्यासुरल्या भोपळ्याच्या तुकड्यातनं बावीस वरसापूर्वी करून दिल्ती. गेलो दसऱ्याच्या आधी त्याच्याकडं. म्हनलं, "सरफराजभाई, नवी शिंगं पायजेत." तो तार लावत बसल्ता, मान बी वर केली न्हाई. म्हनला, "माप?" म्हनलं, "माप कसलं? कर की अंदाजानं." तसा चष्म्यावरनं बघितला माझ्याकडं. "जयराजभाई, तवा मी शिकत हुतो, केलं अंदाजानं. आता माझ्या हातनं बिनमापाचं काय जात न्हाई. शैतान तर आमच्यात बी हाय, पर त्याच्या शिंगाचं माप मला म्हाईत न्हाई. तुमच्या किताबात लिवलं असंल की. बघून या."

आता तुमीच सांगा, कोन बी म्हनंल लिवलंच असंल! एवढं मोठं पुस्तक! गेलो घरी, बायबल उघडलं. आमची संयोगिता, म्हंजे बायको, म्हनली, "बावीस वरसं सैतान झालासा, तवा उघडलं न्हाई. आता शिंगासाटी उघडताय व्हय?" म्हनलं, गप बस, कामाचं हाय.

आनि तुमाला सांगतो, मापं म्हनाल तर काय मापं हायती त्यात! नोहाच्या तारवाचं माप हाय, तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. मंडपाच्या पडद्याचं माप हाय. गल्याथ राक्षसाचं सुदिक हाय, सहा हात आनि वर एक वीत. वीत पन सोडली न्हाई वो! आनि सैतानाचं? काय न्हाई! बरं, सैतान तरी कुठं हाय? मला वाटलं पैल्याच पानावर भेटंल, एदेन बागेत. तिथं बघतोय तर साप! नुसता साप! सैतान हे नावच न्हाई तिथं. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. फुडं गेलो. पेशंटला म्हनायचं, "श्वास धरा," फोटो काढायचा, "सोडा," की परत बायबल. एक म्हातारं तसंच श्वास धरून बसल्तं, मी आपला मोशेबरोबर वाळवंटात! राजं आलं, राजं गेलं, दावीदापाशी हा बाबा एका ओळीत आला, त्याला शिरगणती कराय लावली आनि पसार. शिंगं न्हाई, शेपूट न्हाई, हाऽहाऽहाऽ न्हाई. आवं मग मी बावीस वरसं हसत कशाला हुतो? कुठं लिवलंय!

मग गावला. ईयोबाच्या पुस्तकात. आनि कुठं उभा, सांगा बघू? नरकात? देवाच्या दरबारात! देवदूतांच्या रांगेत! देव त्याला इचारतोय, कुठनं आलास रं? तर हा म्हनतोय, जरा पृथ्वीवर हिकडं तिकडं हिंडून आलो. आनि मग ईयोब ह्या देवभक्त मानसाचं नाव निघाल्यावर म्हनतोय, "तो काय फुकटचा तुझी भक्ती करतोय व्हय? त्याचं सगळं काढून घे, मग बघ." म्हंजे ह्याचा धंदा काय? गावभर हिंडायचं, कोन काय करतंय बघायचं आनि वर येऊन सांगायचं. मी वाचता वाचता थांबलो. मनात म्हनलं, असला मानूस आपन कुठंतर बघितलाय.

शेवटी गेलो पाळकसाहेबांकडं, म्हंजे आमच्या चर्चच्या पाद्रींकडं. तरनं पोरगं हाय, नुकतंच आलंय. म्हनलं, "साहेब, शिंगाचं माप गावंना." ते हसलंच. मग म्हनाले, "जयराजकाका, जुन्या करारात सैतान हे मुळात नावच नव्हतं. ते काम होतं. आडवा येणारा, न्यायालयात समोर उभा राहून दोष ठेवणारा. बलाम नावाच्या संदेष्ट्याच्या गाढवीसमोर तलवार घेऊन आडवा उभा राहिला तो देवाचाच दूत, त्यालाही मूळ भाषेत हाच शब्द आहे. आणि नव्या करारात त्याला दियाबल म्हणतात, म्हणजे चहाडखोर, निंदा करणारा." मी म्हनलं, "आनि शिंगं?" म्हनाले, "ती लोकांनी मागाहून लावली. तुम्ही जखऱ्याचा तिसरा अध्याय वाचा."

वाचला. आनि खरं सांगतो, तिथं मला कसंतरीच झालं. यहोशवा म्हनून मुख्य याजक हाय, तो देवापुढं उभा हाय, आनि त्याच्या उजव्या अंगाला सैतान हाय, दोष द्यायला. आनि यहोशवाचं कपडं मळल्यालं! खरंच मळल्यालं वो! म्हंजे सैतान खोटं बोलत न्हवता. कपडं मळल्यालंच हुतं. आनि देव कुणावर खेकसला? मळक्या कपड्यावाल्यावर? न्हाई! सैतानावर! आनि मग म्हनाला, ह्याचं कपडं काढा आनि ह्याला चांगलं घाला. मी बायबल मिटलं. एक्स-रे खोलीत मी एकटाच हुतो, डोळं भरून आलं. तीस वरसं मानसं आतनं बघतोय मी. हाड मोडलेलं दिसतंय, छातीतला डाग दिसतोय, पन मोडलेलं दिसलं म्हनून मानसाला कोन शिव्या देत न्हाई, त्याला प्लास्टर करत्यात.

शिंगं? व्हय, गावली की शिंगं! शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात! तांबडा अजगर, सात डोकी आनि धा शिंगं! पळत गेलो सरफराजभाईकडं. त्यानं कागद घेतला, पेन्सिल घेतली. "सात डोक्यांवर धा... तिघांना दोन-दोन, चौघांना एक-एक. बसतंय." मग पेन्सिल कानाला लावली आनि म्हनला, "शिंगं मी करतो. बाकीची सहा डोकी कोन देनार?" आनि परत म्हनतोय, "माप?" आवं ते तिथं बी न्हाई!

पन त्याच अध्यायात एक गोष्ट लिवलीय ती मात्र मी पेन्सिलीनं अधोरेखित केली. आमच्या भावांवर रात्रंदिवस दोष ठेवनारा जो, तो खाली टाकला गेला, असं लिवलंय. रात्रंदिवस! आनि आमचे लालासाहेब ॲक्टिव्हावर सकाळी सांगलीला हळद-मार्केटात, दुपारी हरिपूरला, संध्याकाळी मिरजंत घरोघर च्या प्यायला, आनि प्रत्येक कपाला एक बातमी. आता मी काय म्हनतो ते कळालं का?

तर झाला रविवार. उपासना संपली, आशीर्वाद झाला, लालासाहेब उभं ऱ्हायलं. हातात कागद. "मंडळीच्या शिस्तीचा प्रश्न आहे," म्हनाले. "मी बुधवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कुमारी राणी हिने पुढे येऊन मंडळीची क्षमा मागावी, आणि तोपर्यंत तिने गायनवृंदात बसू नये."  लीलाबाईनं पदर तोंडाला लावला. ती पोरगी उठली वो... गाण्याचं पुस्तक हातातनं खाली पडलं. एक पाऊल टाकलं तिनं. मला काय झालं कळंना, मी उभाच ऱ्हायलो.

"लालासाहेब," म्हनलं, "थांबा. चुकताय तुमी."

"काय चुकलं?"

"वाक्य. हे तुमचं वाक्य न्हाई, माझं हाय. तुमी देव हायसा. हिंडून यायचं, बघून यायचं आनि अमक्यानं तमकं केलं म्हनून भर दरबारात सांगायचं, ही सैतानाची वाक्यं. मी बावीस वरसं म्हनतोय, मला पाठ हायती. देवाच्या वाटनीला तसलं वाक्य कुठं लिवलंय ते दाखवा!"

लालासाहेब लालेलाल! "म्हणजे ती गेलीच नव्हती, असं म्हणायचंय का तुला? मी खोटं बोलतोय?"

"मला काय म्हाईत! गेली असंल! यहोशवाचं कपडं बी मळल्यालंच हुतं! सैतान तिथं बी खरंच बोलत हुता, म्हनून काय देवानं त्याचा सत्कार केला? मोटारसायकलवर बसनं पाप हाय का न्हाई ते तिची आई बघंल, ती बघंल आनि देव बघंल. तुमाला मला वकीलपत्र कुनी दिलं? पेत्रासारख्या मोट्या शिष्याला बी प्रभू म्हनाला हुता की, 'सैताना, माझ्यामागं जा.' मग तुमची-माझी काय गोष्ट? कोन बी कवा बी सैतान हुतोय, लालासाहेब. त्याला शिंगं लागत न्हाईत. मी माप शोधून दमलो!"

तवा म्हनाले ते, बोट दाखवून, "ह्याच्यात सैतान शिरलाय!" पंच एकमेकांकडं बघाय लागलं, पाळकसाहेब खाली बघून मिशीत हसाय लागलं. आनि मग पैल्या बाकावरनं मनुबाई उठली. मंडळीतली सगळ्यात म्हातारी, काठी टेकत टेकत गेली, ते खाली पडलेलं गाण्याचं पुस्तक उचललं, झटकलं, राणीच्या हातात दिलं आनि म्हनली, "फुडच्या रविवारी कंचं गानं हाय गं? जरा वरच्या सुरात घे, मला आयकू येत न्हाई." झालं! इषय संपला! लालासाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

मी भाईर आलो ते असा छाती काढून. लोक पाठीवर हात मारत्यात, "वा जयराज!" मी म्हनतोय, "आवं, वाचाय पायजे मानसानं. दुसऱ्यावर दोष ठेवनं हे आपलं काम न्हवं." गेटापाशी राणी उभी. डोळं सुजल्यालं. म्हनली, "काका, तुम्ही त्या मुलाचं नाव पण विचारलं नाही." म्हनलं, "मी कोन इचारनार? मला काय करायचंय कुनाचं नाव? कोन का असंना!" केवढ्या दिमाखात म्हनलं म्हनून सांगू!

तर म्हनली, "तरी सांगते. तुम्हाला कळायलाच पाहिजे." आनि रस्त्याच्या पल्याड बघितलं.

पल्याड कोन? मोटारसायकल. मोटारसायकलवर हेल्मेट मांडीवर घिऊन कोन? आमचा वीरधवल! माझा पोरगा! कराडला इंजिनिअरिंगला घातलाय त्याला मी! बुधवारी म्हनला, "पप्पा, सबमिशन हाय, येनं जमनार न्हाई." ह्येच का तुझं सबमिशन? संगमावर? भर दुपारी?

माझं डोकं असं फिरलं! पुढं मी, मागनं मोटारसायकल ढकलत त्यो, घरापतूर तसंच चाललो. आतनं सगळी जुळवाजुळव चालल्ती. काय बोलायचं, कुठनं सुरू करायचं... खोटं बोललास इथनं सुरू करायचं, मग बापाचं नाक, मग कॉलेज, मग त्या गरीब बाईची पोर... एक एक दोष नंबर लावून ठिवला. घरात शिरलो. संयोगिता पोळ्या लाटत हुती. पोरगं दारात उभं, मान खाली. मी घसा खाकरला. ह्या आवाजानं आत्ता अख्खी मंडळी गप केल्ती म्या! बोट वर केलं. तोंड उघडलं...

आनि काय बोलू सांगा? एकेक वाक्य जिभेवर येतंय आनि मलाच ओळखीचं वाटतंय. बावीस वरसं तीच म्हनतोय न्हवं मी! बोट तसंच हवेत. बायको बघती, पोरगं बघतंय. आनि तुमाला सांगतो, एवढं सगळं बायबल वाचून, एवढी सभा गाजवून, ह्या तोंडातनं काय बाहेर पडलं?

"जेवलास का रं?"

न्हाई म्हनला. मग काय करनार... ताट वाडाय सांगितलं.