माझ्या नावावरची गाडी

पोलीस ठाणे धानोरा, जि. गडचिरोली
जबाब, दि. १२ डिसेंबर २०२४

मी, रिना वारलू हलामी, वय ३१ वर्षे, धंदा बचत गटाच्या वनोपज खरेदी केंद्रात हिरडा, चारोळी निवडणे व वजन करणे, राहणार हेटीटोला, ता. धानोरा, जि. गडचिरोली.

आज रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून, गाडीची मालक म्हणून व घटना पाहणारी म्हणून विचारपूस झाल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर माझी आई बुधरी, मोठा भाऊ रोशन व त्याची पत्नी पिंकी यांच्यासह एकत्र राहते. वडील मयत आहेत. मी लहान असताना ताप येऊन माझ्या दोन्ही पायांतील शक्ती गेली. पायांना कॅलिपर लावून कुबड्यांच्या आधाराने मी चालते. सपाट जागेवर अडचण येत नाही. चढ आणि चिखल असल्यास वेळ लागतो.

चार वर्षांपूर्वी भाऊ रोशन याने घरी सांगितले की दिव्यांग व्यक्तीच्या नावाने चारचाकी घेतल्यास करात सवलत मिळते, तर गाडी रिनाच्या नावाने घेऊ, तिलाही दवाखान्यात, कामावर जाणे सोपे होईल. मला ते पटले. मी रोशनसोबत गडचिरोली येथे जाऊन डॉक्टरचा दाखला काढला व सह्या केल्या. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. पैसे रोशनने भरले व कर्जाचे हप्तेही तोच भरतो. पांढऱ्या रंगाची ही गाडी एमएच ३३ मालिकेतील असून तिचा पूर्ण क्रमांक पंचनाम्यात आलेला आहे. नोंदणीत मालकाचा प्रकार दिव्यांग असा आहे. पुढच्या व मागच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचे निळे चिन्ह लावलेले आहे. मागील नंबर प्लेटच्या बाजूलाही तेच चिन्ह मोठ्या आकाराचे आहे. ते रोशनने नंतर लावून घेतले.

गाडी आणली त्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसून गडचिरोलीहून घरी आले. काच खाली केली होती. रस्त्याने ओळखीचे लोक दिसले की रोशन गाडी हळू करायचा. त्यानंतर मी त्या गाडीत बसलेले नाही.

गाडी कोण वापरत होते असे विचारले असता सांगते की रोशन वापरत होता. तो भाड्याने लोक नेतो. लग्नाचे, दवाखान्याचे, ठेकेदारांचे, असे कोणीही. मी खरेदी केंद्रावर गावातील पोचू यांच्या ऑटोने जाते. सुरुवातीला मी रोशनला दोन-तीन वेळा विचारले होते. तो म्हणायचा, "आज बुकिंग आहे, उद्या नेतो." नंतर मी विचारणे बंद केले. चिन्हाबाबत तो घरी हसून म्हणायचा की रिनाचा शिक्का असला की कुठी लावा, कोणी काऊन लावली म्हणून विचारत नाई. मीही तेव्हा हसले आहे.

दि. १० डिसेंबर रोजी तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालयात दिव्यांग तपासणीचे शिबिर होते. माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपत असल्याने मला जाणे भाग होते. आदल्या आठवड्यात मी रोशनला तसे सांगितले होते. त्याने त्या दिवशी गाडी मोकळी नाही असे सांगितले. त्यामुळे मी व आई सकाळी पोचू यांच्या ऑटोने निघालो. ऑटो फाटकाबाहेर थांबला, कारण आत गर्दी होती. तेथून मी चालत आत गेले.

रुग्णालयाच्या दारापाशी पायऱ्यांच्या बाजूला उतरणीचा सिमेंटचा रस्ता आहे. चाकाची खुर्ची किंवा तीनचाकी सायकल त्यावरून आत जाते. त्याच्या तोंडाशी एका गाडीपुरती जागा आखलेली असून तेथे दिव्यांगांसाठी राखीव असा फलक आहे. त्या जागेत आमची गाडी उभी होती. पुढचे चाक आखलेल्या पट्ट्याच्या पुढे गेले होते, त्यामुळे उतरणीचे तोंड निम्मे बंद झाले होते. गाडीत कोणी नव्हते.

गाडी पाहून मला प्रथम असे वाटले की रोशन माझ्यासाठी आला आहे. मी आईला तसे बोलले.

गाडीच्या मागे एक इसम तीनचाकी सायकलवर बसून होता. त्याचे नाव इसरू पोटावी असे मला त्याच दिवशी कळले. वय अंदाजे पन्नास. त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर नाही. जंगलात मोहफूल वेचताना अस्वलाने धरले होते असे त्याने सांगितले. त्याची सायकल हाताने फिरवण्याची आहे. उतरणीचे तोंड बंद असल्याने त्याला वर जाता येत नव्हते. ऊन होते म्हणून तो गाडीच्या सावलीत थांबला होता. माझ्या कुबड्या पाहून तो माझ्याशी बोलला. बोलणे असे झाले.

तो म्हणाला, "शिबिराले आल्या का बाई?"

मी हो म्हटले.

तो म्हणाला, "ही गाडी कोनाची आहे, मालूम आहे का? थोडी मागं घेतली तर मी वरतं जातो."

मी म्हटले, "माझ्या नावावर आहे."

त्यावर तो म्हणाला, "मंग असू द्या. आपल्यातलीच आहे. मी थांबतो, मले काई घाई नाई."

मी त्याला काही सांगितले नाही. मी आईला म्हटले, दादा कुठे आहे ते पाहून ये. आई बाहेर चहाच्या टपरीवर गेली. दरम्यान इसरू यांनी मला विचारले की गाडी स्वतः चालवता काय. मी नाही म्हटले. ते म्हणाले की त्यांनी गडचिरोलीत एक जण पाहिला आहे, तो हातानेच ब्रेक लावतो, पाय लावत नाही, तसे करून घेता येते. मी म्हटले, पाहीन.

थोड्या वेळाने रोशन आला. त्याच्यासोबत दोन अनोळखी पुरुष होते. ते ठेकेदाराकडील असावेत. नावे मला माहीत नाहीत. रोशन फोनवर बोलत होता. मला पाहून त्याने फोन कानाला ठेवूनच म्हटले, "तू इथी? मंग बरं झालं, दोन मिनिटं, मी या दोघायले सोडून येतो." ते दोघे गाडीत बसले. रोशनने गाडी सुरू केली. मी म्हटले, "दादा, मागं मानूस आहे." त्याची काच बंद होती. इसरू यांनी सायकल वळवण्यास सुरुवात केली होती, परंतु ती जागच्या जागी वळत नाही. मी कुबडी काचेवर मारली व ओरडले. तेवढ्यात गाडी मागे आली. मागील बाजू सायकलला लागली, सायकल उलटली व इसरू त्याखाली पडले. त्यांचा उजवा हात सायकलचे चाक व गाडी यांच्यामध्ये आला.

रोशन दारू प्यालेला होता काय असे विचारले असता सांगते की नव्हता. तो पीत नाही. वेगात होता काय, तर तसेही नाही. त्याने मागे पाहिले नाही एवढेच.

रोशन लगेच खाली उतरला. त्याने सायकल बाजूला केली, इसरू यांना दोन्ही हातांवर उचलले व उतरणीवरून आत नेले. लोकांना सरका, सरका म्हणत होता. हे मी स्वतः पाहिले असून ते लिहून घ्यावे असे माझे सांगणे आहे. गाडीतील दोघे उतरून निघून गेले.

मी पायरीवर बसले होते. इसरू यांची चप्पल, एकच, खाली पडलेली होती. ती टपरीवरून परत आलेल्या आईने उचलली.

डॉक्टर इसरू यांना तपासत असताना रोशन बाहेर आला. त्याचा शर्ट घामाने ओला होता. लोक गाडीचे फोटो काढत होते. एक जण चिन्ह पाहून म्हणाला की गाडी अपंगाची आणि चालवतो हा. रोशन माझ्याजवळ खाली बसला व हळू आवाजात बोलला. ते मला आठवते तसे सांगते.

तो म्हणाला, "रिना, गाडीत बस."

मी म्हटले, "काऊन?"

तो म्हणाला, "पोलीस येऊन राह्यले. तू गाडीत होती, तुले शिबिराले आणलो, असं सांगू. मंग गाडी इथी लावली त्यात काई चूक नाई. नाई तं गाडी जाते, लायसन जाते. बस लवकर, मी धरतो तुले."

त्याने माझ्या काखेत हात घातला. मी पायरीचा लोखंडी कठडा धरून ठेवला. तो म्हणाला, "सोड." मी सोडला नाही. त्यानंतर त्याने हात काढून घेतला. मी गाडीत बसले नाही. पोलीस आले तेव्हा मी पायरीवरच होते.

माझी तपासणी त्या दिवशी झाली नाही. आम्ही पोचू यांच्या ऑटोने परत आलो. गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली.

काल सकाळी घरी सर्व जण बसलो असता रोशन माझ्याशी बोलला. वहिनी पिंकी हजर होती. तो म्हणाला की अजून तुझा जबाब झाला नाही, तेव्हा गाडीत होते एवढेच सांग, बाकी मी पाहतो. मी म्हटले की शंभर लोकांनी मला पायरीवर पाहिले आहे. तो म्हणाला की तू उतरून बसली होतीस असे सांगता येते. मी नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "सातवीपर्यंत तुले खांद्यावर घेऊन नाल्यातून शाळेत नेलो. माहं नाव खराब करून राह्यली तू?"

रोशनने मला सातवीपर्यंत खांद्यावर बसवून शाळेत नेले ही गोष्ट खरी आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असायचे. तो स्वतः माझ्याहून फार मोठा नव्हता. त्याची शाळा त्यामुळे बुडायची व पुढे सुटली. मी बारावी झाले. त्याच्याविरुद्ध माझ्या मनात दुसरे काही नाही.

मी त्याला म्हटले, "नेला ना दादा. तेही सांगतो मी पोलिसायले." त्यावर तो उठून बाहेर गेला. आई माझ्याशी गोंडीत बोलली. त्याचा अर्थ असा की एकाच घरात राहायचे आहे, विचार करून बोल. मी विचार केला आहे. काल दुपारी पिंकी वहिनीने माझे ताट नेहमीप्रमाणे वाढून आणून दिले. त्या वेळी म्हणाली, "बाई, जे झालं तेच सांगा. हे घरी आल्यावर मी पाहतो काय करायचं ते." ती ठाण्यात आलेली नाही. तिला यात बोलवू नये.

काल सायंकाळी मी रुग्णालयात इसरू यांना भेटले. त्यांच्या उजव्या हाताची दोन हाडे मोडली असून पुढील उपचारासाठी गडचिरोलीला नेण्यास सांगितले आहे. त्यांच्यासोबत त्यांची पत्नी आहे. सायकलचा दांडा वाकला आहे. तो हात गेल्यास सायकल फिरवता येणार नाही असे त्यांची पत्नी म्हणाली. इसरू मला म्हणाले, "तुमचा तो भाऊ होता का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "उचलला तवा रडत होता तो." हे मला माहीत नव्हते.

मी त्यांना सांगितले की गाडी माझ्यासाठी तेथे उभी नव्हती, भाड्याची माणसे घेऊन आली होती. ते म्हणाले, "तवाच सांगतल्या असत्या तं मी बोंबललो असतो, हटवा म्हणून." मी म्हटले, हो. त्यांच्या पत्नीने मला बसायला स्टूल दिले.

सदर गाडी परत कोणाच्या ताब्यात द्यावी असे विचारले असता माझे सांगणे असे की, मालक मी आहे, तर कायद्याप्रमाणे जेव्हा सुटेल तेव्हा किल्ली माझ्या हातात द्यावी. भाऊ मागण्यास आल्यास त्याला देऊ नये. मला गाडी चालवता येत नाही. मी पोचू यांच्याशी बोलले आहे. त्यांच्याकडे चारचाकीचे लायसन आहे. गाडी सुटेपर्यंत ते इसरू यांना ऑटोने बसस्टँडपर्यंत नेतील, व सुटल्यानंतर इसरू यांच्या दवाखान्याच्या सर्व फेऱ्या या गाडीने होतील. माझी राहिलेली तपासणी पुढच्या शिबिराला आहे. त्या दिवशी मी गाडीने येईन व गाडी राखीव जागेत लावायला सांगेन, पट्ट्याच्या आत.

रोशनवर काय कारवाई व्हावी असे विचारले. ते मी सांगू शकत नाही. जे झाले ते सांगितले आहे.

हा जबाब महिला अंमलदार नीलिमा यांनी संगणकावर घेतला. लिहून झाल्यावर त्यांनी तो मला सावकाश वाचून दाखविला, आणि आई बाहेर बसली होती तिला आत बोलावून गोंडी जाणणाऱ्या शिपायाकडून तिलाही ऐकविला. सुरुवातीस माझ्या नावापुढे "भावावर अवलंबून" असे आले होते. ते मी काढण्यास सांगितले व त्या ठिकाणी माझा धंदा लिहिण्यात आला. आता जे लिहिले आहे ते माझ्याच तोंडचे असून बरोबर आहे.