दिलीपची बॅटरी फुल होती

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या आहेत.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. तीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय, चार माणसांसमोर उभं राहायची सवय आहे. पण आज या फोटोशेजारी उभं राहायचं आहे. आवाज मागपर्यंत आला नाही तर हात वर करा, मी परत सांगेन. आज जे सांगणार आहे ते इथल्या प्रत्येकाला नीट ऐकू गेलं पाहिजे.

दिलीपला तुम्ही सगळे ओळखता. सुप्याच्या कारखान्यातले त्याचे सहकारी आलेत. केडगावातले शेजारी आहेत. सायकलवाली आमची मंडळी आहेत. काष्टीहून अण्णा आलेत, त्याचे वडील. त्याच्या पत्नी सुरेखावहिनी आहेत, मुलगी ऋतुजा आहे. बारा दिवसांपूर्वी रविवारी दौंड रोडवर, चढावर, सायकल चालवताना तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवशी त्याच्यासोबत एकटा मी होतो.

या बारा दिवसांत एक वाक्य मी सगळीकडे ऐकलं. दवाखान्यात ऐकलं, अमरधामात ऐकलं, दशक्रियेला ऐकलं. आज इथं जिन्यातही ऐकलं. ‘दिलीप चार्जिंग करायला विसरला.’ बॅटरी संपली, गियर पडेनात, जड गियरवर चढ चढत राहिला आणि छातीत कळ आली. अण्णा परवा म्हणाले, “त्या बॅटरीनं माजं पोरगं खाल्लं. ती सायकल हिरीत टाका.”

मंडळी, दिलीप विसरला नव्हता. दिलीपची बॅटरी फुल होती.

हे मी आज सांगतोय. बारा दिवसांनी.

ज्यांना सायकलीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अण्णांना सुरुवातीला वाटायचं की बॅटरीवर सायकलच चालते. “मग पायडल कशाला मारतोस रं?” असं ते त्याला विचारायचे. तसं नसतं. सायकल पायांनीच चालवायची. बॅटरी फक्त चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवते. हँडलला बटण असतं, मागच्या चाकापाशी एक छोटं यंत्र असतं, त्याला काडेपेटीएवढी बॅटरी. मधे वायर नाही, केबल नाही. बटण दाबलं की झिक् आवाज येतो आणि गियर बदललेला असतो. बॅटरी संपली तर सायकल बंद पडत नाही. पण चेन ज्या चकतीवर असेल तिथंच राहते. जडवर असेल तर जडवर.

हे खूळ आमच्या ग्रुपमध्ये दिलीपनं आणलं. कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. म्हणायचा, “सर, आयुष्यभर केबली ताणल्या, केबली बदलल्या. आपल्या धुळीत केबल दोन महिने धड चालत नाही. हे बघा, ताणायला काही ठेवलंच न्हाई.” त्याच्या हौसेनं मीही घेतली. दोघांच्या सायकली सारख्याच, जाड टायरच्या, कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या. लोक हसायचे. सायकलला चार्जर लावतात म्हणून माझी बायकोसुद्धा हसली. माझी सायकल एकदा धुतल्यावर गियरच ओळखेना, तेव्हा हाच माणूस भर उन्हात माझ्या अंगणात मोबाईल घेऊन तासभर बसला आणि बटणाची आणि यंत्राची परत गाठ घालून दिली. चहा पिऊन गेला.

दोघांमध्ये मिळून आम्ही एक जादा बॅटरी घेतली होती. ती माझ्याकडे असायची. सांभाळायची जबाबदारी माझी होती.

आता त्या रविवारचं सांगतो.

सकाळी साडेपाचला केडगावातून निघालो. काष्टीला अण्णांकडे जायचं, नाष्टा करायचा आणि परत यायचं. दिलीपचा एक नियम होता. निघायच्या आधी मागच्या यंत्रावरचं छोटं बटण दाबून दिवा बघायचा. हिरवा असला तर भरपूर, लाल असला तर संपत आली. त्यानं दाबलं. हिरवा. मी डोळ्यांनी पाहिला. मग त्यानं विचारलं, “सर, तुमचं?”

मी म्हणालो, “फुल आहे.”

मी दाबून बघितलं नव्हतं. आणि त्याच्याही आधीची गोष्ट अशी की गुरुवारी मला लाल दिवा दिसला होता. वाटलं, अजून एक फेरी निघेल. जादा बॅटरी घरी टेबलाच्या खणात होती. तीही रिकामीच.

काष्टीला अण्णांनी भाकरी खाऊ घातली. ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही लवकर निघालो. मला बारापर्यंत घरी यायचं होतं, दुपारी पाहुणे येणार होते. कोळगावच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथं मी वेगात होतो, सगळ्यात जड गियरवर. उतार संपला, बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं. काही नाही. चेन जडवरच अडकली. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे दिलीपला माहीत होतं. मी थांबलो. तो मागून आला, वाकून दिवा बघितला आणि म्हणाला, “संपली की हो.”

रागावला नाही. विचारलंही नाही की सकाळी फुल कशी होती.

म्हणाला, “एक काम करू. माझी बॅटरी दोन मिनिटं तुमच्या सायकलला लावतो. चेन हलक्या चकतीवर आणून ठेवतो. मग माझी मला परत. तुम्ही हलक्या गियरवर निवांत या, घाई न्हाई.”

मंडळी, हे बरोबर उत्तर होतं. गणिताच्या मास्तरला न सुचलेलं उत्तर. तसं केलं असतं तर मी हळू आलो असतो, तो नेहमीसारखा आला असता, आणि आज आपण सगळे आपापल्या घरी असतो.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अरे, मग सपाटीला पाय नुसते गरगर फिरतील. बारापर्यंत पोचायचो नाही मी.”

असं म्हणालो मी.

तो हसला. म्हणाला, “बरं, मग कोळगावपर्यंत वापरा माझी. मी मधल्या गियरवर येतो. पण सर, चढाच्या आधी थांबा. तिथं मी माझी परत घेतो, तुमची हलक्यावर लावून देतो.” मी एकदा नको म्हणालो. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. त्यानं स्वतःची चेन मधल्या चकतीवर आणली, बॅटरी काढली, माझ्या सायकलला बसवली. टिक् आवाज झाला. म्हणाला, “जावा पुढं.”

मी पुढे गेलो. गियर झिक् झिक् पडत होते. पाय हलके झाले होते. कोळगाव आलं. मागे वळून पाहिलं, तो दूर दिसत होता, येत होता. थांबायचं ठरलं होतं. मला वाटलं, आता लय लागलीय, चढ चढून वरच थांबू. मधल्या गियरवर त्याला काय होतंय? दणकट माणूस आहे. असं वाटलं मला. आणि मी थांबलो नाही.

वर एका लिंबाखाली थांबलो. पाणी प्यालो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन केला, उचलला नाही. म्हटलं, सायकल चालवताना कसा उचलेल. मी तिथं बसून घरी फोन केला आणि पाहुणे आले का विचारलं. हेही आज सांगून टाकतो.

मग खालून एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि म्हणाला, “तुमच्यासोबतचा हाय का तो सायकलवाला? कडंला बसलाय. लई घाम आलाय त्याला. पानी पाजलं, पन काय खरं न्हाई दिसत.”

त्यानंच सांगितलं की खालून येताना आधी लांबून त्याला दिलीप पायडलवर उभा राहून सायकल ओढताना दिसला होता. लोक म्हणतात, उतरून ढकलत का नाही आला? उतरला नाही, कारण मी वर वाट बघत असेन. मला बारापर्यंत पोचायचं होतं, हे त्याला माहीत होतं.

आम्ही टेम्पो वळवून खाली गेलो. तो रस्त्याच्या कडेला दगडावर टेकून बसला होता. शर्ट पूर्ण भिजलेला. चेहरा राखेसारखा. टेम्पोत घातला, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. नगरपर्यंत तो दोनदा बोलला. एकदा पाणी मागितलं. आणि एकदा म्हणाला, “अण्णांना सांगू नका लगेच.” त्यानंतर बोलला नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

डॉक्टर म्हणाले, ब्लॉकेज जुनं होतं. घरी जिना चढतानाही झालं असतं. हे वाक्य मला खूप जणांनी सांगितलं, माझं मन हलकं व्हावं म्हणून. डॉक्टर खोटं बोलत नसतील. पण ते जिन्यात झालं नाही. चढावर झालं. आणि चढाला जड पडणाऱ्या मधल्या गियरवर तो अडकला होता, कारण त्याची बॅटरी माझ्याकडे होती. मी बारा दिवस हे उलटसुलट मांडून बघितलं. उत्तर बदलत नाही.

दवाखान्याच्या दारात वहिनींच्या भावानं मला विचारलं, “सायकलला काय झालं होतं?” मी म्हणालो, “बॅटरी नव्हती.” शब्द खरा होता. त्याच्या आड मी लपलो. तिथून ते घरोघर गेलं. बॅटरी नव्हती म्हणजे संपली असेल, संपली म्हणजे चार्ज केली नसेल, म्हणजे दिलीप विसरला. मी ऐकत राहिलो. मेलेल्या माणसाच्या माथी माझा निष्काळजीपणा मारला जात होता आणि मी मान हलवत होतो.

आणि तरी कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण दशक्रियेच्या दिवशी सुरेखावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाई. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या बॅटरीचा चार्जर काढून मिक्सर लावला हुता. चटणी करायची हुती. परत लावायचा राहून गेला. माझ्यामुळं झालं हे.”

ऋतुजा नंतर मला म्हणाली की त्या दिवसापासून आई मिक्सरला हात लावत नाही. रडत नाही. कुणाशी बोलत नाही.

वहिनी, मी तेव्हाही गप्प बसलो. “तसं काही नाही हो,” एवढंच पुटपुटलो आणि चपला घातल्या. नंतर दोनदा तुमच्या घरी आलो, हेच सांगायला. दोन्ही वेळा चहा घेऊन परत गेलो. हे मी तुम्हाला तुमच्या घरात, समोर बसून सांगायला हवं होतं. असं चारचौघांत सांगितलं, त्याचीही माफी मागायला हवी. पण ते वाक्य चारचौघांत पसरलंय, म्हणून खोडायचंही चारचौघांतच.

वहिनी, नीट ऐका. तुम्ही चार्जर काढला तेव्हा बॅटरी भरलेली होती. सकाळी दिवा हिरवा होता. काष्टीपर्यंत आणि काष्टीहून कोळगावच्या अलीकडेपर्यंत त्याचा एकही गियर अडला नाही. ती बॅटरी आजही माझ्या सायकलला लागलेली आहे. काल मी दाबून बघितली. आजही हिरवीच आहे. तुमच्या हातून काही चुकलं नाही. चटणी करण्यात काही चुकलं नाही. जे चुकलं ते सगळं माझ्याकडून चुकलं.

ऋतुजा, तुझे बाबा निष्काळजी नव्हते. कॉलेजात कुणी म्हणालं तर त्याला माझं नाव सांग. म्हणावं, सरांना विचारा.

अण्णा, सायकल विहिरीत टाकू नका, असं मी म्हणणार नाही. तुमची आहे, तुम्ही ठरवा. पण त्या बॅटरीनं तुमचा मुलगा खाल्ला नाही. त्यानं स्वतःच्या हातानं ती काढून दुसऱ्याला दिली. तो दुसरा तुमच्यासमोर उभा आहे. अण्णा, तुम्ही मला त्या सकाळी स्वतःच्या ताटातली भाकरी वाढली होती. मला काय म्हणायचं असेल ते म्हणा. इथं म्हणा, घरी बोलावून म्हणा. मी येईन. आता चहा न घेता बसेन.

मला क्षमा करा असं मी आज म्हणत नाही. क्षमा मागायलाही जागा लागते, आणि ती मी बारा दिवसांत घालवली. सायकलवाल्या मित्रांनो, तुम्ही यापुढे माझ्यासोबत आला नाहीत तरी माझी तक्रार नाही.

माझं बोलणं झालं.

आता आपण दिलीपसाठी उभं राहूया. अण्णा, तुम्ही बसून राहा, तुमचे पाय दुखतात. बाकीच्यांनी उभं राहा. मोबाईल बंद करा. दोन मिनिटं असं नेहमी म्हणतात, पण मी आज घड्याळ बघणार नाही. सुरेखावहिनी जेव्हा खाली बसतील, तेव्हा आपण बसू. तोवर कुणी हलू नका.

दिलीप, नमस्कार.