गाडी म्हणाली, हात करा

बेटावर जाणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे टोर्स्टेनकाका होते. त्यांची नवी गाडी अर्धा रस्ता स्वतःच चालते. ती बनवणाऱ्यांतली इल्वा शेजारीच उभी होती.

“काका, अजून राग आहे गाडीवर?” इल्वानं विचारलं.

“तेव्हा होता! अरुंद रस्त्यावर समोरचा थांबून वाट द्यायचा, आणि गाडी स्वतःच चालतेय म्हणून माझं लक्षच नसायचं; आभाराचा साधा हातही न करता मी मख्खासारखा बसलेला. लोक म्हणायला लागले, टोर्स्टेन माजला.”

“म्हणून तर वाट मिळाली की ती आता सांगते, हात करा.”

“परवा सांगितलं, केला. मग बघतो तर समोर सिक्स्टन! वीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो.”

“अरे देवा! मग?”

“त्यानंही केला. काल मासे घेऊन घरी आला. धर ही पिशवी, निम्मे तुझे.”