रोज संध्याकाळी फोन करणारी पोरगी

परळच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी बसलेल्या जाईबाईंचे डोळे मिटत होते, पण कान मात्र टक्क जागे होते. बाजूला करी रोडची गंगुबाई आणि तिचा मुलगा दौलत हळू आवाजात भांडत होते.

"आये, रोज संध्याकाळी इथला फोन येतो, माझी गोळी घेतली असेल तर एक दाबा म्हणून. मी ड्युटीवर, फोन तुझ्याकडे. मग एक दाबतं कोण?"

"मीच. नाय दाबलं तर ही माणसं चाळीत येतील चौकशीला. सगळ्यांना कळेल."

"आणि शेजारची सीमा मला लग्नाचं का विचारते?"

"रोजचा फोन कुणाचा, विचारत होती. तिला सांगितलंय, एक पोरगी तुझ्यासाठी रोज फोन करते. आवाज साखरेसारखा, बाप गलबताचा मालक."

"गलबत?"

"दोन सांगितली असती, पण सीमाला खोटं वाटलं असतं."

"आये, हसू नकोस. रक्ताचा रिपोर्ट वाईट आलाय. मी गोळ्या कधीच सोडल्यात."

"काय बोलतोस! डबी तुझ्या बॅगेत असते, मला वाटलं घेतोयस."

"कंटाळलो गं. रोज रोज तेच."

गंगुबाईने कमरेच्या पिशवीतून फोन काढला.

"हा धर. आजपासून तुझ्याकडे. गोळी गिळायची, मगच दाबायचं."

"आणि चाळीत काय सांगशील?"

"सांगेन, पोरगी आता सासूला विचारत नाय. थेट तुझ्याशीच बोलते."