ओल्या छत्र्यांचा विलंबित

...आणि वर तो लंडनचा शहाणा छापून लिहितो की या बँडचा दम संपला, सगळी गाणी एकाच वेगात पळतात, कुठे थांबावं आणि कुठे धावावं याची अक्कल नाही. अक्कल नाही? अरे बाबा, तू एकदा रविवारी संध्याकाळी बंगळूरच्या इंदिरानगरला ये, आमच्या माडीवर बस, आणि मग काय लिहायचं ते लिही. तुम्हाला सांगतो, पोरं गुणी आहेत.

कुठली पोरं म्हणता? वेट अंब्रेलाज. ओल्या छत्र्या, आमच्या बायकोच्या, सगुणेच्या भाषेत. विलायतेतली चार फाटकी पोरं, दोन गिटारी, एक ढोल, आणि गाणारा असा किडकिडीत की माइक त्याला धरून उभा आहे असं वाटावं. आमचा भाचा शंभूराज तिकडे लीड्सला शिकतो, तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रेकॉर्ड पाठवतो आणि रेकॉर्ड फुटू नये म्हणून भोवती तिकडची मासिकं गुंडाळतो, म्हणजे गाणं आणि गाण्याची निंदा एकाच पार्सलातून येते. ब्याण्णवला पहिली रेकॉर्ड आली. काय वेग, काय त्वेष! लंडनवाल्यांनी खांद्यावर घेतलं. दुसरीत पोरांनी तुतारी आणली, व्हायोलिनं आणली, तर तेच लोक म्हणाले, 'छे, शेफारले.' आता बदललं तरी बोलणार, नाही बदललं तरी बोलणार, माणसाने करायचं काय? मी दोन्ही ऐकत होतो, वडिलांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर, मजेत. पण पोरं गुणी असून काय उपयोग, खाली जयतीर्थ अण्णा राहत होते ना...

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. आता आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळूरला आले, साडेतीनशे वर्षं झाली, आणि आम्ही अजून भाड्याने राहतो, हा वेगळा विषय. अण्णा धारवाडचे. धारवाडचा माणूस म्हणजे काय सांगू, त्याच्या घरचा कुकरसुद्धा सुरात शिट्टी देतो. ख्यालाशिवाय दुसरं गाणं म्हणजे आजार, असं त्यांचं मत. पहिल्या रेकॉर्डला ते जिना चढून आले, 'काय खंडोजीराव, भांड्यांची फळी पडली काय हो? कुणाला लागलं तर नाही?' दुसऱ्या रेकॉर्डला नुसतेच दारात उभे राहिले, कपाळाला हात लावून. आणि पंच्याण्णवला तिसरी आली त्या दिवशी म्हणाले, 'बघा, मी भांडत नाही. पण आता हे पुन्हा ऐकू आलं तर तुम्ही दुसरं घर बघा. माझ्या पुतण्याला माडी हवीच आहे.'

एवढ्या भाड्यात इंदिरानगरात मला कोण उभं करणार? के. आर. पुरमच्या पलीकडे जाऊन रोज बसला लोंबकळायचं? सगुणा म्हणाली, 'अहो, द्या टाकून त्या छत्र्या.' पण तुम्हाला सांगतो, पोरं गुणी आहेत, आणि गुणी पोरांना घाबरून टाकून देणाऱ्यातला मी नाही. मी म्हणालो, 'अण्णा, फाशी द्यायच्या आधी कैद्याचं म्हणणं ऐकतात. रविवारी संध्याकाळी या, एक बाजू पूर्ण ऐका, मग सांगाल ते.'

आले. खांद्यावर उपरणं, चेहरा न्यायाधीशाचा. मी सुई ठेवली आणि त्याच क्षणी डोक्यावरचा दिवा पिवळा झाला आणि पोरांचा आवाज जो खाली बसला, तो बसतच गेला... ढोल हत्तीच्या चालीने, गिटारी ओढल्यासारख्या, आणि तो किडकिडीत पोरगा एकदम सात मुलांच्या बापाच्या आवाजात गायला लागला. मी मनात सामान बांधायला घेतलं. बाजूला बघतो तर अण्णांचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर. 'खर्ज,' पुटपुटले, 'खर्ज लागला.' मग हळूहळू दिवा उजळत गेला तशी लय वाढत गेली, विलंबिताची मध्य झाली, मध्याची द्रुत, शेवटच्या गाण्याला तर नुसती धावपळ... आणि सुई उचलली तेव्हा अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, 'कुठल्या घराण्याचे हो हे?' मी म्हणालो, 'लीड्सचे.' म्हणाले, 'बढत काय केलीय! खंडोजीराव, माडी तुमचीच. पण दर रविवारी मला बोलवायचं.'

ते उतरले आणि सगुणा हसत बसली. म्हणाली, 'पोरं राहू दे, ती खाली अण्णांच्या बायकोच्या, धनलक्ष्मी अक्कांच्या ग्राइंडरची कमाल. उडीद घातले की अख्ख्या घराचं व्होल्टेज बसतं, रेकॉर्ड मंद फिरते, पीठ सैल झालं की परत येतं.' घ्या! इडलीच्या पिठाने वाचवलं. मी भर दुपारी, ग्राइंडर बंद असताना, तीच रेकॉर्ड पूर्ण वेगात ऐकली. खरं सांगू? तशीही सुंदर आहे. लंडनवाले ती ऐकून नाकं मुरडतात आणि धारवाडवाले तीच ऐकून रडतात, मध्ये फरक फक्त पाव शेर उडदाचा.

पुढे अण्णांनी काय करावं? प्रेमाने स्टॅबिलायझर आणला. 'एवढं मोठं गाणं, वीज खालीवर होऊन बिघडायला नको.' बसवला, रेकॉर्ड लावली आणि ती पळाली भांड्यांची फळी पडल्यासारखी. अण्णांचा चेहरा उतरला. 'हे ते नव्हे. ही नक्कल आहे, खंडोजीराव.' मी म्हणालो, 'अण्णा, यंत्राला स्वल्प सवय होऊ दे,' आणि पुढच्या रविवारपासून स्टॅबिलायझरचा लाल दिवा आपला दिसायला पेटतो, प्लेअरची पिन भिंतीत. अक्कांना सगुणेने विश्वासात घेतलं. अक्का म्हणाल्या, 'सरी, बरं, मी दळते. पण एवढं पीठ खाणार कोण?' झालं. आम्ही खातो. सोमवारी इडली, मंगळवारी इडली, बुधवारी पीठ आंबतं म्हणून डोसा...

अठ्ठ्याण्णवला चौथी रेकॉर्ड आली आणि काय सांगू, पोरं आपली आपण संथ झाली होती. मुळातच. लंडनवाले पुन्हा खांद्यावर घेऊन नाचले, 'अखेर यांना थांबणं कळलं!' मी म्हणालो, सुटलो. अक्कांना म्हणालो, ग्राइंडर पुसून ठेवा. पिन स्टॅबिलायझरमध्ये घातली, अण्णांना बसवलं. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. मान डोलावली. म्हणाले, 'पोरं गुणी आहेत.' माझा जीव भांड्यात पडला.

मग उपरणं सावरून म्हणाले, 'पण मागचं होतं त्यात तयारी जास्त होती. आता यांना यश मिळालं ना, बिघडले. पुढच्या रविवारी तेच लावा.'

आत सगुणा उठली. डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मग पातेल्यात उडीद पडल्याचा.